तीन नंबरच्या मशीनचा व्हायरस

तुम्ही आता जे वाचताय ना, ते मी दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे. पहिल्यांदा लिहिलेलं कुठं गेलं ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि मला तर हे सगळं एकदाचं सांगून मोकळं व्हायचं आहे.

कारण मी दमलेय. खरंच दमलेय. कुणाच्या लग्नाला जा, कुणाच्या बारशाला जा, पंगतीत माझ्या पानावर वरण पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "व्हायरसवाली तूच ना गं?" मी मान हलवते. मग शेजारची बाई म्हणते, सांग की काय झालं ते. मला चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो, म्हणून मी भात कालवत बसते. मग माझ्याऐवजी उत्तमकाका सांगतात. उत्तमकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांच्या सांगण्यात दर वेळी एक जास्तीचं मशीन जळतं. परवाच्या साखरपुड्यात तर धूरसुद्धा निघाला.

धूर कधीच निघाला नव्हता. जे झालं ते असं झालं.

आमच्या कुरुंद्यात शेख सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला, तो हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. खाली खिळे, साखळ्या आणि पाइप, वर तीन मशीन. खिडक्यांना जाड पडदे, खाली सतरंजी. चपला जिन्यात काढायच्या, हात धुवायचे, पुसायचे आणि मगच कीबोर्डला लावायचे. आम्ही विहारातसुद्धा इतकं हळू बोलत नाही, जितकं त्या खोलीत बोलायचो. लाइट गेली की बॅटरीवर एकच मशीन चालायचं आणि बाकीची मुलं वळून माझ्याकडे बघायची. कारण माझे बाबा लाइनमन आहेत. जणू बाबांनीच खांबावर बसून मुद्दाम खटका पाडला.

क्लासमध्ये लिहायच्या जागा दोन. एक वर्ड, एक नोटपॅड. माझ्या सगळ्या दुर्दशेचं मूळ इथं आहे, म्हणून नीट सांगते.

मला कुणी लिहिताना बघितलं की लिहिता येत नाही. शाळेत बाई बाकाजवळ आल्या की माझा डावा हात आपोआप वहीवर आडवा पडतो. आणि वर्डमध्ये काय असतं माहीत आहे? उजव्या कोपऱ्यात एक यू-पिन असते. कागदांना लावतो तीच. पण हिला डोळे असतात! आपण लिहायला लागलो की ती बघत बसते. भुवया उडवते. मध्येच काचेवर आतून टकटक करते आणि इंग्रजीत विचारते, तुम्ही पत्र लिहिताय असं दिसतंय, मदत करू का? अहो, मी पहिली ओळसुद्धा लिहिलेली नसते. शिवाय मराठी लिहिलं की प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. माझ्या नावाखाली लाल, बाबांच्या नावाखाली लाल, कुरुंद्याखाली लाल. अख्खं गावच चुकलेलं.

आणि नोटपॅड? कोरा पांढरा. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, कुणी रेघा मारत नाही. बाई न आलेल्या तासासारखा.

शेख सर म्हणायचे, "वर्डमधीच कर बेटा. नोटपॅड म्हंजे रफ काम." मी मान हलवायची. सर पुढच्या मशीनकडे गेले की मी नोटपॅड उघडायची. लाजाळू माणसं नाही म्हणत नाहीत. मान हलवतात आणि आपलंच खरं करतात. हे कुणाच्या लवकर लक्षात येत नाही, कारण सगळे म्हणत असतात, किती गरीब पोरगी आहे.

आता एक गोष्ट समजून घ्या. त्या मशीनला मराठी येत नव्हतं. आपण दाबायची ती इंग्रजी अक्षरंच. मग मराठी फॉन्ट लावला की तो त्या अक्षरांना मराठी कपडे घालायचा. आत इंग्रजीच, वरून दिसायला मराठी. वर्डमध्ये हा फॉन्ट कसा लावायचा ते सरांनी शिकवलं होतं. नोटपॅडमध्येही तो लावता येतो, हे मी मेनू चाचपून चाचपून माझं मीच शोधून काढलं. इतका आनंद झाला की कुणालाच सांगितलं नाही.

आता निमंत्रणाकडे येते.

आमच्या वस्तीतल्या विहारात वाचनालय सुरू होणार होतं. समितीचे सचिव अर्थात उत्तमकाका. निमंत्रणपत्रिका छापायची म्हणून बैठक बसली आणि त्या बैठकीत माझे बाबा, जे एरवी सगळ्यांत मागे बसून सगळं ऐकून घेतात, ते अचानक बोलून बसले की आमची विशाखा कॉम्प्युटरवर करून देते. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचाच चेहरा घाबरलेला होता.

काकांना माझा क्लास पहिल्यापासून पसंत नव्हता. पोरीनं शिवणकाम शिकावं, निदान फॉल-पिको तरी होतो, असं त्यांचं म्हणणं. ते त्याच संध्याकाळी घरी आले. फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेला मजकूर त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि बोलले मात्र बाबांशी.

"हे बघ, पत्रिका नीट आली तर शिकू दे पोरीला. न्हाई आली तर पुढच्या महिन्यापून शिवणाचा क्लास. चार माणसांत शब्द देऊन बसलास तू."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

मी तीन नंबरचं मशीन धरलं. ते कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते मागून कुणाला दिसत नाही. सर आले की मी पुढे वाकायची. सरांना वाटायचं, पोरगी किती मन लावून काम करते. काकांचा मजकूर मोठा आणि वळणावळणाचा होता. ज्ञान, अंधार, पहाट आणि क्रांती एकाच वाक्यात, शिवाय पाहुण्यांची नावं, प्रत्येकाच्या आधी आयुष्मान नाहीतर आयुष्मती. पण नोटपॅडच्या शांततेत मी ते सगळं आणलं. पानावर मराठी कशी झळकत होती. फाइल ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले तर जिन्यात चपलांचा ढीग आणि वर सगळी मुलं तीन नंबरभोवती गोळा झालेली. शेख सर खुर्चीत बसलेले, दोन्ही हात डोक्यावर.

सरांनी बॅचचं टाइमटेबल इंग्रजीत करून नोटपॅडमध्ये ठेवलेलं होतं. तीन नंबरवर ते उघडलं तर काय? सगळी मराठी अक्षरं. पण वाचायला जावं तर तोंडात येईना. आधी एक सुटी वेलांटी, मग दोन ळ, मग अर्धा ष, मग कुणाचा कुणाला पत्ता नसलेले काने. तेच टाइमटेबल सरांनी एक नंबरवर उघडलं, तर तिथं एकदम चांगलं, इंग्रजी.

"फाइल बराबर आहे," सर म्हणाले, "मशीनमधीच व्हायरस घुसला."

व्हायरस हा शब्द आम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलेला होता, पण तो कुरुंद्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. मुलं एक पाऊल मागे सरकली. मीही सरकले. तुम्ही म्हणाल, तुला तेव्हाही कळलं नाही? नाही कळलं. कारण माझं निमंत्रण त्याच मशीनवर अगदी छान दिसत होतं. मला वाटलं, व्हायरसनं माझी फाइल तेवढी सोडून दिली. मनातून त्याच्याबद्दल थोडं बरंही वाटलं.

घरी सांगितलं तर आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावला आणि मग हळद घालून दूध दिलं. मशीनला देता येत नव्हतं म्हणून मला. बाबा मात्र गंभीर झाले. त्यांच्या मते जगातल्या निम्म्या तक्रारींचं कारण एकच असतं. दुसऱ्या दिवशी ते टेस्टर घेऊन क्लासवर आले, चपला काढल्या, हात धुतले आणि सरांना विचारलं, "सर, अर्थिंग बघितलं का?"

सरांनी त्यांना पाणी दिलं. बाबांनी सगळे सॉकेट तपासले. अर्थिंग चांगलं होतं. बाबांचं समाधान झालं नाही.

शेवटी सरांनी मशीन पूर्ण पुसलं. म्हणजे त्यातलं सगळं काढून टाकून पहिल्यापासून भरलं. सबंध दिवस गेला. माझं निमंत्रण वाचवता येईल का, असं मी विचारणार होते, पण विचारायला बोलावं लागतं. ते पुसलं गेलं.

मी पुन्हा बसले. नोटपॅड उघडला, मराठी फॉन्ट लावला, पुन्हा ज्ञान, अंधार, पहाट, क्रांती. आणि एक दिवस सोडून व्हायरस परत आला.

या वेळी सर चिडले. बाहेरची फ्लॉपी आणणं बंद. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांची धाकटी बहीण नसरीन, जी माझ्याच वर्गात आहे, ती मोटारींचा एक गेम फ्लॉपीत घालून आणते. नसरीनला सगळ्यांसमोर बोलणी बसली. फ्लॉपी जप्त. नसरीन रडत रडत माझ्याच शेजारी येऊन बसली.

"मी तीन नंबरला हातसुद्धा लावत नाही गं," ती म्हणाली. "तुला तर माहीत आहे. दिवसभर तूच असतेस तिथं."

"हो ना," मी म्हणाले आणि तिला माझा रुमाल दिला.

सरांनी दुसऱ्यांदा मशीन पुसलं. माझं निमंत्रण दुसऱ्यांदा गेलं. मी तिसऱ्यांदा लिहिलं, आणि आता कागदाकडे बघायचीही गरज नव्हती. झोपेतसुद्धा आयुष्मान कोण आणि आयुष्मती कोण हे मला पाठ होतं. या वेळी मात्र हिय्या करून मी नसरीनला सांगितलं, तिनं सरांना सांगितलं आणि सरांनी कोरी फ्लॉपी काढून दिली. लिहून झाल्याझाल्या मी फाइल तिच्यात भरून घेतली. व्हायरसला वेळच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिंगोलीला निघालो. मी, बाबा आणि उत्तमकाका. काळीपिवळी जीपनं वारंगा फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं. फ्लॉपीला ऊन लागू नये म्हणून आईनं ती फडक्यात गुंडाळून भाकरीच्या डब्यात ठेवली होती. डबा माझ्या मांडीवर. काका खिडकीशी बसून शेजारच्या माणसाला सांगत होते की आमची पत्रिका कॉम्प्युटरवर झालेली आहे, आता फक्त छापायची बाकी आहे. बाबांची मान ताठ होती. मी त्यांना असं बसलेलं फारसं बघितलेलं नाही.

प्रेसमध्ये लग्नसराईची गर्दी. बाकावर एक पागोटेवाले आजोबा नातीच्या पत्रिकेसाठी बसलेले, आणखी दोन लग्नांची मंडळी उभी, आतल्या खोलीत छपाईचं मशीन खडखडत होतं. मालकांनी फ्लॉपी घातली. काकांनी चष्मा चढवला. फाइल उघडली.

पडदाभर इंग्रजी. अक्षरं, कंस, तिरप्या रेघा, टिंबं, पुन्हा कंस.

काकांनी चष्मा पुसून परत चढवला. मग हळूच म्हणाले, "हे इंग्रजीत काहून केलं?"

आणि माझे बाबा! माझे साधे बाबा! त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो मला आजही आठवतो. त्यांना वाटलं, पोरीनं अख्ख्या पत्रिकेचं इंग्रजी केलं.

"इंग्रजी येते तिला," ते बाकावरच्या आजोबांना म्हणाले.

"येते ते ठीक आहे," काका म्हणाले, "पण वस्तीत वाचणार कोन?"

मालक म्हणाले, हे इंग्रजी नाही, हे काहीच नाही. त्यांनी त्यांच्याकडचा मराठी फॉन्ट लावून बघितला. पण तो निराळा होता. पडद्यावर मराठी अक्षरं आली, पण भाषा कुणाचीच नव्हती. एक सुटी वेलांटी, दोन ळ, अर्धा ष.

मी ते ओळखलं. हेच तर होतं सरांच्या टाइमटेबलात! सगळे माझ्याकडे बघत होते आणि काहीतरी बोलणं भाग होतं. मी त्या दिवसातला माझा पहिला शब्द बोलले.

"व्हायरस."

मालकांनी फ्लॉपी खस्सकन ओढून काढली. तेवढ्यानं भागणार नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण पुढच्याच क्षणी त्यांनी भिंतीवरचं मेन स्विच पाडलं. पंखा बंद, आतलं छपाईचं मशीन बंद, सगळं प्रेस अंधारात आणि गप्प. लग्नवाली मंडळी दाराकडे सरकली. त्या शांततेत बाबांचा आवाज आला.

"मालक, अर्थिंग कवा बघितलं होतं?"

शेवटी मालकांनीच क्लासचा नंबर मागितला, फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी आयुष्यात कुणाला फोन केला नव्हता. काका माझ्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या.

"बोल बेटा," शेख सर म्हणाले. "छापलं?"

"सर, सगळं इंग्रजी झालं. त्यांचा फॉन्ट लावला तर टाइमटेबलसारखं झालं."

सरांनी विचारलं, "कशात लिहिलं होतंस?"

मी रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळली.

"विशाखा. वर्डमधीच ना?"

"नोटपॅडमध्ये."

"नोटपॅडमधी मराठी? मग नोटपॅडचा फॉन्ट कुणी बदलला?"

"मी."

"कवा?"

"दर वेळी, सर."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग सर बोलले, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता, सबंध दिवस विहिरीचं पाणी शेंदलेल्या माणसासारखा होता. त्यांनी मला समजावलं ते मी आता तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. वर्ड अक्षरांना घातलेले कपडे फाइलीबरोबर बांधून देतो. नोटपॅड तसं करत नाही. तो कपडे मशीनवरच खुंटीला टांगून ठेवतो आणि फाइल तशीच पाठवतो. आणि त्या मशीनवर नंतर जो कुणी येईल, इंग्रजी असो की आणखी काही, त्याला नोटपॅड खुंटीवरचे तेच कपडे चढवतो. सरांच्या टाइमटेबलला माझ्या निमंत्रणाचे कपडे बसले होते.

"म्हंजे," सर म्हणाले, "मी दोनदा मशीन पुसली ती..."

"हो, सर."

"व्हायरस म्हंजे..."

"हो, सर. मीच."

सरांनी रिसीव्हर बाजूला धरल्यासारखं वाटलं, कारण त्यांचा आवाज लांबून आला. "नसरीन. ये इकडं. तुझी गेमची फ्लॉपी घे."

मी फोन ठेवला आणि बाबांना हळू आवाजात सगळं सांगितलं. काकांनी अर्थातच ऐकलं.

"म्हंजे आपलं निमंत्रण कुरुंद्याहून हिंगोलीपतोर उघडंनागडं आलं?" ते म्हणाले. "भाकरीच्या डब्यात?"

पागोटेवाले आजोबा खोकले. ते हसणं होतं.

मालकांनी मेन स्विच वर केलं. म्हणाले, कागद द्या, मी इथंच टाइप करतो. काकांचा कागद कुठं होता? क्लासमध्ये, तीन नंबरच्या कीबोर्डखाली. काकांना स्वतःचा मजकूर आठवेना, फक्त क्रांती आठवत होती. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांची मान आता ताठ नव्हती. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मला शिवणाच्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

"मला पाठ आहे," मी म्हणाले.

"मग सांग," मालक म्हणाले. "पण मोठ्यानं. मागं मशीन चालू आहे."

आता विचार करा. पिन बघते म्हणून मी वर्डमध्ये लिहीत नव्हते. आणि इथं मालक, काका, बाबा, आजोबा, दोन लग्नांची मंडळी, आणि मालकांच्या पडद्यावर कोपऱ्यात तीच पिन, भुवया उडवत. मी पिनेकडे बघून सुरुवात केली. निदान ती ओळखीची होती. मालक म्हणाले, ऐकू येत नाही. मी आवाज चढवला. ते म्हणाले, अजून. आतलं मशीन खडखडत होतं, मी त्याच्यावर ओरडत होते. अज्ञानाच्या अंधारातून ज्ञानाच्या पहाटेकडे! आयुष्मान अमुक! आयुष्मती तमुक! मध्ये कधीतरी आतल्या माणसानं ऐकायला म्हणून मशीन थांबवलं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि शेवटचं वाक्य मी पूर्ण शांत प्रेसमध्ये त्याच पट्टीत ओरडले, "तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे ही नम्र विनंती!"

मग पागोटेवाले आजोबा उठले आणि काकांना म्हणाले, "येतो आमी. पोरीनं एवढं बोलावलं तर यायला लागते."

ते खरंच आले. लग्नवाल्यांपैकीही चौघं आले. आमच्या निमंत्रणाची पत्रिका छापायच्या आधीच वाटून झाली होती.

परतताना वारंगा फाट्यावर काकांनी चहा सांगितला. बाबा बशीत चहा ओतून पीत नव्हते, नुसता फुंकत होते. मी डब्याचं झाकण उघडत होते, लावत होते. काकांनी दुसरा चहा सांगितला.

"हे बघ," शेवटी ते बाबांना म्हणाले, "पोरीचा क्लास चालू ठेव."

बाबांनी वर बघितलं.

"एवढंसं शिकून तिनं सरांना दोनदा मशीन पुसायला लावलं, नसरीनला रडवलं अन् हिंगोलीत अंधार केला. अशी अर्धवट शिकलेली पोरगी वस्तीत ठेवणं धोक्याचं हाय. तिला पुरं शिकू दे."

बाबांनी चहा एका घोटात संपवला. माझा क्लास असा वाचला. हुशारीमुळे नाही, सुरक्षेच्या कारणासाठी.

सरांनीही मला काढलं नाही. जिन्यात एक पाटी असायची, चपला बाहेर काढा, हात धुवा. तिच्याखाली तिसरी ओळ आली, नोटपॅडच्या फॉन्टला हात लावू नये. नवीन मुलं विचारतात, असं का लिहिलंय? मग जुनी मुलं कोपऱ्यात बोट दाखवतात.

तर इथं हे संपायला हवं होतं. पण शाळेच्या वार्षिकांकासाठी मराठीच्या बाईंनी मला हाच किस्सा लिहायला सांगितला. म्हणाल्या, कॉम्प्युटरवर करून आण, तुला येतं. मी क्लासला गेले. वर्ड उघडला. पिन आली, भुवया उडवल्या, काचेवर टकटक केली. मी वर्ड बंद केला.

रागवू नका. मी नीट ठरवलं होतं. आधी नोटपॅडमध्ये शांतपणे लिहायचं, मग ते उचलून वर्डमध्ये ठेवायचं आणि कपडे घालायचे, आणि निघताना नोटपॅडचा फॉन्ट परत इंग्रजी करायचा, म्हणजे सरांना तकलीफ नको. यातलं शेवटचं मी आठवणीनं केलं. मधलं राहिलं. फ्लॉपी बाईंकडे, बाईंकडून त्याच प्रेसला. मालकांनी शाळेत फोन करून सांगितलं की त्या मुलीला पाठवून द्या, आम्ही मशीन बंद ठेवतो, तिला म्हणू द्या.

बाईंनी मला फुलस्केप कागद दिले.

संध्याकाळी मी ओसरीवर हे सगळं पुन्हा हातानं लिहीत बसले होते. बाबा कामावरून आले, खांबावर बसायचा झुला आणि पक्कड खुंटीला अडकवली, पाणी प्यायले.

"हातानं काहून लिहून राहिलीस?"

मी सांगितलं. परत नोटपॅड. परत तेच.

बाबांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "अर्थिंग बघावं लागते."

"मशीनचं अर्थिंग चांगलं आहे, बाबा. तुम्हीच तर तपासलंत."

"मशीनचं कोन म्हणून राहिलं?"